संगणकाच्या खिडक्यांची कुळकथा

नीरा नदीचे पाणी बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत पाटाने आले, त्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी घराबाहेर पडलेल्या माणसांच्या हातांनी नीरेच्या डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. परंतु पाट शिवेवरून गेला म्हणजे शेत भिजले, असे होत नाही. ह्या तालुक्यांत बागायती गावे आणि जिरायती गावे आजही शेजारी शेजारी नांदतात. पाटाला दार हवे, दारापासून शेतापर्यंत चारी हवी, आणि दाराची उंची पाटातील पाण्याच्या पातळीशी जुळलेली हवी. पाट खोल केला आणि दार मात्र जुन्याच उंचीवर राहिले, तर भरल्या पाटाच्या काठी पीक वाळून जाते.

संगणकाच्या जगात हाच प्रकार गेल्या तीन-साडेतीन दशकांत पुन्हापुन्हा घडला आहे, आणि त्याची झळ आता बारामती-इंदापूरसारख्या ठिकाणीही पोचते. बारामतीस विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली निघाली. पुढे तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले आणि इंदापूर तालुक्यातही तशी सोय झाली. ज्या विद्यापीठाशी ही महाविद्यालये जोडलेली आहेत, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षास पायथन ही संगणकभाषा नेमली. उसाच्या वजनाचा हिशेब मांडणारा किंवा पाण्याच्या पाळ्यांची यादी दाखविणारा एखादा लहानसा प्रोग्राम लिहिणे हे अशा विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम होय. पण एकाच संगणकावर पायथनच्या दोन-तीन आवृत्त्या नांदत असतात. एक कार्यप्रणालीबरोबर आलेली, दुसरी कोणी नव्याने बसविलेली. पहिलीत प्रोग्राम चालविला की खिडकी उघडते, बटणे दिसतात. दुसरीत तोच प्रोग्राम ‘अमुक लायब्ररी सापडत नाही’ एवढे सांगून थांबतो. लायब्ररी तर त्याच संगणकावर ठेवलेली असते. भरला पाट आणि कोरडे शेत, अशी ही स्थिती आहे.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी खिडक्यांच्या ह्या साहित्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी चौकट, तिच्यातील बटणे, याद्या, लिहिण्याच्या ओळी ही सर्व चित्रे आहेत. प्रत्येक प्रोग्राम लिहिणाराने ती स्वतः काढावयाची म्हटले, तर एकेका बटणासाठी महिना जाईल. म्हणून ही चित्रे काढणारे तयार साहित्य निराळे करून ठेवतात. त्यास टूलकिट असे नाव आहे. हे साहित्य बहुधा सी किंवा सी++ ह्या यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिलेले असते. पायथन, पर्ल, रुबी ह्या भाषा माणसाच्या अधिक जवळच्या. तेव्हा दोहोंच्या मध्ये दुभाष्याचे काम करणारा एक तुकडा लागतो. जाणकार त्यास बाइंडिंग म्हणतात. मराठीत त्यास सांधा म्हणणे सोयीचे होईल. सर्व अडचणींचे मूळ ह्या सांध्यात आहे. टूलकिट जागच्या जागी राहते, भाषाही जागच्या जागी राहते. पण भाषेची आवृत्ती बदलली की मधला सांधा निखळतो.

पुण्याने ह्या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर फार पूर्वी पाहिले आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे संशोधन कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये झाले होते, ते ‘जिस्ट’ ह्या नावाने पुण्याच्या ह्या संस्थेत आले. जिस्ट कार्ड हा संगणकात बसवावयाचा एक पट्टा असे. त्या काळी डॉस ह्या कार्यप्रणालीवर प्रोग्राम केवळ अक्षरांच्या ओळी पडद्याकडे पाठवीत. त्या ओळी पडद्यावर उमटण्यापूर्वी हे कार्ड त्यांतील देवनागरी जुळवून घेई. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला आहे, त्या भाषेची आवृत्ती कोणती, ह्याची चौकशी कार्ड करीत नसे. कारण सांधा भाषेत नव्हता, पडद्याच्या तोंडाशी होता. म्हणूनच इंग्रजीसाठी लिहिलेल्या तयार प्रोग्रामांतही मराठी नावे भरता येत. पुढे अक्षरांच्या ओळींचा पडदा गेला आणि चित्रांच्या खिडक्या आल्या. तेव्हा ह्या कार्डाची उपयुक्तता ओसरली. देवनागरी जुळविण्याचे काम आता टूलकिटकडे गेले, आणि टूलकिटपाशी पोचण्याची वाट भाषेच्या सांध्यातून जात होती.

खिडक्यांच्या टूलकिटांपैकी ज्याने अनेक भाषांत घर केले, ते टीके होय. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात जॉन औस्टरहौट हे प्राध्यापक इलेक्ट्रॉनिक मंडलांचे आराखडे काढणारी साधने तयार करीत असत. प्रत्येक साधनाला स्वतःची वेगळी आणि तोकडी आज्ञाभाषा असे. ह्या कटकटीतून सुटण्यासाठी त्यांनी १९८८ च्या सुमारास टीसीएल ही भाषा रचली. ती कोणत्याही प्रोग्रामच्या पोटात बसविता यावी, हा तिचा हेतू. तिच्यासाठी त्यांनी केलेले खिडक्यांचे साहित्य म्हणजे टीके. ते १९९१ साली लोकांपुढे आले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेतून खिदो व्हॅन रॉसम ह्यांनी पायथन भाषा प्रसिद्ध केली. दोन्ही साधने निरनिराळ्या खंडांत जन्मली. परंतु १९९४ च्या सुमारास त्यांची गाठ पडली. स्टीन लुम्होल्ट ह्यांनी पायथन आणि टीके ह्यांना जोडणारा सांधा लिहिला, व्हॅन रॉसम ह्यांनी त्यास हातभार लावला, आणि टीकिंटर ह्या नावाने तो पायथनबरोबरच मिळू लागला.

पर्ल भाषेच्या लोकांनाही टीके हवे होते. पण निक इंग-सिमन्स ह्यांनी त्यासाठी दुसरा मार्ग धरला. टीसीएल मध्ये कशाला, असा विचार करून त्यांनी टीकेतील टीसीएलचा भाग काढून टाकला आणि उरलेले साहित्य पर्लशी थेट जोडले. टीकिंटरने मात्र टीसीएल पोटात तसेच ठेवले. पायथनमधून निघालेली आज्ञा टीसीएलच्या बोलीत जाते आणि टीसीएल ती टीकेला सांगते. वरवर पाहता पर्लची रीत शहाणपणाची होती. एक दुभाष्या कमी झाला, कामाचा वेग वाढला. परंतु काळ लोटला तसा उलट अनुभव आला. मूळ टीकेची नवी आवृत्ती निघाली की पर्लच्या लोकांना ती सारी पुन्हा सोलून आपल्या साच्यात बसवावी लागे. टीकेच्या ८.० आवृत्तीवर त्यांची एक मालिका बराच काळ चालली, मग ८.४ वर दुसरी आली, आणि तेथेच ती गाडी थबकली. टीकिंटर संथ होते, पण त्याच्या सांध्याला टीकेच्या आतल्या रचनेची फारशी माहिती लागत नव्हती. टीके बदलले तरी टीसीएलची बोली तीच राहिली, म्हणून टीकिंटर टिकले. जो सांधा दुसऱ्याच्या घरातील खोल्या मोजीत नाही, तो दीर्घायुषी होतो, हा ह्या इतिहासातील पहिला धडा.

टीसीएलच्या कर्त्यांनाही तो धडा पटला होता. १९९९ मध्ये टीसीएलची ८.१ आवृत्ती निघाली. तिच्यात ‘स्टब्ज’ नावाची योजना होती. बाहेरून जोडलेल्या तुकड्याने टीसीएलच्या आतील कार्ये नावाने शोधीत बसू नये. टीसीएलने एक कोष्टक पुढे करावे आणि त्या कोष्टकातील ठरलेल्या घरातून तुकड्याने हवे ते कार्य घ्यावे. कोष्टकात नवी घरे शेवटी जोडावयाची, जुनी हलवावयाची नाहीत. एवढे पथ्य पाळल्यामुळे एका आवृत्तीसाठी बांधलेला तुकडा पुढच्या आवृत्तीतही चालू लागला.

पायथनमध्ये हे पथ्य त्या वेळी नव्हते. पायथनमधील प्रत्येक वस्तूची स्मृतीतील मांडणी कशी असते, हे सांध्यांना पाठ असे. कोणती माहिती कितव्या घरात ठेवली आहे, हे गृहीत धरून सांधा बांधलेला असे. नव्या आवृत्तीत एखादे घर पुढेमागे झाले की जुना सांधा चुकीच्या दारात हात घाली. म्हणून २.५ साठी बांधलेला सांधा २.६ मध्ये निरुपयोगी ठरे. विंडोजवर तर सांध्यामध्ये पायथनच्या त्या विशिष्ट आवृत्तीच्या फाइलचे नावच कोरलेले असे.

ह्याहून विलक्षण गोष्ट अशी की, कित्येकदा आवृत्ती तीच असूनही सांधा बसत नसे, आणि त्याचे कारण अक्षरे हे होते. जगातील सर्व लिप्यांची अक्षरे एका संकेतात आणणाऱ्या युनिकोडसाठी पायथन २.२ पासून दोन प्रकारे भाषा बांधता येई. एका प्रकारात अक्षराला दोन बाइटांची जागा, दुसऱ्यात चार बाइटांची. लिनक्सच्या अनेक वितरणांनी चारांचा प्रकार घेतला. मूळ पायथन घरी बांधणाऱ्यास मात्र न सांगता दोनांचा प्रकार मिळे. एकासाठी केलेला सांधा दुसऱ्यात भरावयास गेले की संगणक नकार देई. २०१२ साली निघालेल्या ३.३ आवृत्तीत हा भेद मिटविण्यात आला.

आता प्रश्न असा पडेल की, टीकिंटर जर पायथनबरोबर येतच होते, तर इतर टूलकिटांच्या भानगडीत पडावे तरी का? मराठी माणसापुरते ह्याचे उत्तर स्पष्ट आहे. ‘जिल्हा’ हा साधा शब्द घेतला तरी पुरे. युनिकोडमध्ये ज, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ल, हलन्त, ह आणि काना अशा क्रमाने तो साठविलेला असतो. पडद्यावर मात्र वेलांटी ज-च्या आधी काढावी लागते आणि ल व ह ह्यांचे जोडाक्षर करावे लागते. लिनक्सवर टीके दीर्घकाळ हे करीत नव्हते. ते अक्षरे साठविलेल्या क्रमाने ओळीत मांडून मोकळे होई. वेलांटी भलत्या अक्षराच्या मागे जाई, हलन्ताचा पाय तुटून दिसे. इंग्रजीसाठी निर्दोष असलेले हे साहित्य मराठी वाचणाऱ्यास जवळजवळ निरुपयोगी होते.

हे काम नीट करणारी टूलकिटे दोन होती. क्यूटी हे नॉर्वेमध्ये हॉवर्ड नोर्ड आणि एरिक शाम्बे-एंग ह्यांनी रचले व १९९५ साली प्रसिद्ध केले. पायथनशी त्याचा सांधा फिल थॉम्प्सन ह्यांनी १९९८ मध्ये लावला. दुसरे जीटीके. बर्कलीचेच दोन विद्यार्थी, पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबॉल, हे गिंप नावाचा चित्रे सुधारण्याचा प्रोग्राम लिहीत होते. त्याच्या खिडक्यांसाठी त्यांनी हे साहित्य तयार केले. जेम्स हेन्स्ट्रिज ह्यांनी त्याचा पायथनशी सांधा केला, तो पायजीटीके. मार्च २००२ मध्ये जीटीकेची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पँगो नावाची लिपी जुळविणारी लायब्ररी आली. ग्रीकमधील ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानीतील ‘गो’ म्हणजे भाषा, असे ते नाव जोडून केले आहे. पँगोला वेलांटी आधी काढावयाची हे ठाऊक होते.

तेव्हा गोष्ट येथे येऊन ठेपते. जे टूलकिट पायथनबरोबर आपोआप येई, त्यात लिनक्सवर मराठी नीट उमटत नसे. ज्यांत ती नीट उमटे, त्यांचे सांधे बाहेरून आणावे लागत आणि भाषेच्या प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने बांधावे लागत. इंग्रजीत काम करणाऱ्याला जी अडचण क्वचित भासे, ती मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला नेमाने येई.

ह्याची कसोटी महाराष्ट्रातील एका लहानशा शाळेत लागली. मुलांसाठी स्वस्त संगणक करण्याची एक योजना निकोलस नेग्रोपाँटे ह्यांनी २००५ साली जाहीर केली होती. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्याने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या गावच्या एकशिक्षकी शाळेत, वीस-बावीस मुलांमध्ये, त्या संगणकाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या संगणकाची स्मृती अवघी २५६ मेगाबाइटची आणि साठवण एक गिगाबाइटची. त्यावर शुगर नावाचा जो सगळा दर्शनी कारभार होता, तो पायथनमध्ये लिहिलेला आणि जीटीकेवर उभारलेला होता. मुलांना चित्रे काढण्याचे, लिहिण्याचे, गाण्याचे जे लहान लहान प्रोग्राम मिळत, तेही बहुतेक तसेच. मुलाला एखादा प्रोग्राम उघडून त्याच्या आत पायथनच्या ओळी कशा आहेत हे पाहता यावे, ही ह्या योजनेची मोठी हौस होती.

ह्या रचनेच्या पायाखालची जमीन दोन बाजूंनी सरकली. डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती निघाली, आणि ती जुन्या आवृत्तीशी मुद्दाम फारकत घेऊन निघाली. टीकिंटरचे नाव सुरुवातीच्या मोठ्या अक्षराऐवजी लहान अक्षराने लिहावयाचे, इतक्या बारीक बदलापासून अक्षरे व बाइट ह्यांचा भेद काटेकोर करण्यापर्यंत त्यात पुष्कळ गोष्टी होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती आली. पायजीटीके हा जुना सांधा तिसऱ्या पायथनसाठी कधी तयार झालाच नाही. त्याचे कर्ते नव्या प्रकारच्या सांध्याकडे वळले. शुगरने २०१२ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती स्वीकारली, आणि तिसऱ्या पायथनकडे तर ते २०१९ च्या सुमारास गेले. मधल्या काळात जे प्रोग्राम कोणी नव्या साच्यात बसविले नाहीत, ते मागे पडले. त्यांत काही दोष निर्माण झाला नव्हता; केवळ त्यांच्या खालचा सांधा नाहीसा झाला होता.

मोठ्यांचीही ह्यातून सुटका झाली नाही. जीटीके ज्या गिंपसाठी जन्मले, त्या गिंपलाच जीटीकेची तिसरी आवृत्ती आणि तिसरा पायथन स्वीकारण्यास मार्च २०२५ उजाडावे लागले. त्याआधी, १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या पायथनची देखभाल थांबली होती. ती २०१५ मध्येच थांबावयाची. पण लोकांची गैरसोय ओळखून पाच वर्षांची मुदत वाढविली गेली होती. एप्रिल २०२० मध्ये निघालेल्या उबुंटू ह्या लिनक्स वितरणातून पायजीटीके गेले, आणि पायथनमध्ये लिहिलेल्या गिंपच्या जोडण्या त्यावर चालेनाशा झाल्या.

मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये अध्यापन करणारे प्रभू रामचंद्रन ह्यांचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. हवेचे प्रवाह, दाब, वेग ह्यांचे आकडे त्रिमितीत चित्रित करणारा ‘मायावी’ नावाचा पायथन प्रोग्राम त्यांनी रचला, आणि तो जगभर वापरला जातो. पहिल्या मायावीच्या खिडक्या टीकिंटरच्या होत्या. दुसऱ्या अवतारात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. प्रोग्राम कोणत्याही एका टूलकिटशी बांधावयाचा नाही. मध्ये एक पातळ थर घालावयाचा, आणि खाली डब्ल्यूएक्स आहे की क्यूटी आहे हे त्या थराने पाहावयाचे. पुढे एक टूलकिट तिसऱ्या पायथनवर लवकर पोचले आणि दुसरे उशिरा पोचले. डब्ल्यूएक्सची तिसऱ्या पायथनसह चालणारी नवी मालिका २०१८ साली पक्की झाली. अशा वेळी ह्या थराचे महत्त्व ध्यानात येते. तथापि मायावीला खिडक्यांखेरीज व्हीटीके नावाची चित्रणाची लायब्ररीही लागे, आणि ती तिसऱ्या पायथनसाठी २०१६ पर्यंत सिद्ध नव्हती. साखळीतील जी कडी सर्वांत मागे, तिच्याच चालीने सर्वांस चालावे लागते.

पवईच्या ह्याच संस्थेतून मोफत प्रोग्रामांच्या प्रसाराचे आणि ध्वनिचित्रपाठांचे जे कार्य चालते, त्यातून पायथनचे पाठ महाराष्ट्रातील महाविद्यालयांत गेले, आणि अनेक विषयांचे पाठ मराठीतही मिळू लागले. तेथेही आवृत्तीचा प्रश्न चुकला नाही. जुन्या पायथनच्या पाठांनंतर ३.४.३ ह्या आवृत्तीसाठी निराळी पाठमाला करावी लागली.

आता उपायांचा इतिहास. तो तीन दिशांनी गेला.

पहिली दिशा, सर्वांना आपापली जागा देण्याची. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीचे साहित्य निरनिराळ्या कप्प्यात ठेवण्याची रीत जुनीच आहे. २०११ च्या ३.२ आवृत्तीपासून प्रत्येक सांध्याच्या फाइलच्या नावातच तो कोणत्या पायथनसाठी आहे ते लिहिले जाऊ लागले, त्यामुळे अनेक आवृत्त्यांचे सांधे एका जागी शेजारी राहू शकले. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत प्रत्येक कामासाठी स्वतंत्र परिसर निर्माण करण्याची सोय भाषेतच आली. ही सोय उत्तम आहे. पण नवशिक्यास ती एक फसवणूक वाटते. असा परिसर कार्यप्रणालीने बसविलेल्या लायब्ऱ्या आपण होऊन पाहत नाही. त्या पाहाव्यात असे परिसर निर्माण करतानाच सांगावे लागते, आणि तरीही त्या लायब्ऱ्यांचे सांधे ज्या पायथनसाठी बांधलेले असतील, त्याच पायथनच्या परिसरात त्यांचा उपयोग होतो.

दुसरी दिशा, टीसीएलच्या कोष्टकासारखी. मार्टिन फॉन लोविस ह्यांनी २००९ मध्ये अशी सूचना केली की, पायथनने आपल्या आतील कार्यांपैकी काहींची एक मर्यादित यादी जाहीर करावी आणि ती पुढे बदलणार नाही असे वचन द्यावे. २०११ च्या ३.२ आवृत्तीत ती अमलात आली. ह्या यादीबाहेर न जाणारा सांधा एकदा बांधला की तिसऱ्या पायथनच्या पुढच्या आवृत्त्यांतही चालतो. क्यूटीच्या पाचव्या मालिकेचा पायथनशी जो सांधा २०१६ पासून तयार स्वरूपात मिळू लागला, तो असाच होता.

तिसरी दिशा जीटीकेची. तेथे टूलकिटच स्वतःचे वर्णन एका फाइलमध्ये लिहून ठेवते. कोणती कार्ये आहेत, कोणास काय द्यावे लागते, काय परत मिळते, हे सर्व त्या फाइलमध्ये असते. भाषेच्या बाजूचा सांधा ते वर्णन प्रोग्राम चालू असतानाच वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ह्यामुळे प्रत्येक बटणासाठी निराळा सांधा लिहावा लागत नाही. प्रत्येक आवृत्तीसाठी एकच लहान तुकडा बांधला की सगळे जीटीके हाती येते, आणि पायथनखेरीज इतर भाषांनाही तेच वर्णन उपयोगी पडते.

तरीही ज्याच्या संगणकावर दोन पायथन आहेत, त्याने एक तपासणी प्रथम करावी. प्रोग्राम नेमका कोणत्या पायथनने चालविला जात आहे, हे पाहावे. लायब्ररी बसविण्याची आज्ञा ज्या पायथनला दिली तोच प्रोग्राम चालवीत असेल, तर पुष्कळ तंटे तेथेच मिटतात. डेबियन व उबुंटू ह्या वितरणांत टीकिंटर वेगळे मागवून घ्यावे लागते, आणि ते वितरणाच्या स्वतःच्या पायथनपुरतेच येते. ज्याने नवा पायथन मुळापासून बांधला, त्याने आधी टीकेची विकास-साधने आणून ठेवलेली नसली, तर तो पायथन टीकिंटरशिवायच तयार होतो. आणि ज्याने आपला प्रोग्राम दुसऱ्यास द्यावयाचा आहे, त्याने पायथनची व टूलकिटची आवृत्ती त्याच्याबरोबर लिहून द्यावी. सातबाराच्या उताऱ्यावर पिकाबरोबर पाण्याचे साधन नोंदविण्याची जागा असते; प्रोग्रामाच्या कागदावरही तशी एक नोंद असावी.

हा इतिहास संपलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथनची ३.१३ आवृत्ती आली. तिच्यासोबत एक प्रायोगिक प्रकारही आला. त्यात एकाच प्रोग्रामचे अनेक धागे खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालू शकतात. त्यासाठी वस्तूंची आतील मांडणी पुन्हा बदलावी लागली. साहजिकच २०११ च्या त्या न बदलणाऱ्या यादीवर विसंबलेले सांधे ह्या प्रकारात चालले नाहीत. त्यांस वेगळे सांधे बांधावे लागले. पाट रुंद व्हावा, त्यात पाणी अधिक यावे, ह्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक वेळी पाटाच्या कामाबरोबर दारांचेही काम हाती घेतले गेले पाहिजे. मोठ्या शहरांत आणि मोठ्या भाषांत ती दारे कोणी ना कोणी लवकर बसवून घेतो. मराठीतून चालणारे लहान प्रोग्राम बहुधा एकट्यादुकट्याने लिहिलेले असतात. तो शिकून निघून गेला किंवा दुसऱ्या कामाला लागला की त्यांची दारे नव्या पातळीवर आणणारे कोणी उरत नाही. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी जे विद्यार्थी पायथन शिकून बाहेर पडले, त्यांपैकी काहींनी जुन्या मराठी प्रोग्रामांचे सांधे नव्या आवृत्त्यांत बसविण्याचे काम अंगावर घेतले, तर पुष्कळ वाया जाणारे श्रम वाचतील. नवा प्रोग्राम लिहिण्याइतके ते नावाजले जाणार नाही. पण कालव्याच्या काठी राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको की, पाट खणणाऱ्यांइतकीच गरज दरवर्षी चारी उकरणाऱ्यांचीही असते.